खिडकीची गोधडी

शुद्धलेखनाच्या चुकांची आणि कोंबडीने पाय फिरवल्यासारख्या अक्षराची आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंतच शिकले. ही वही कुणाला दाखवायची नाहीच, पण सापडलीच तर पोटभर हसा!

नवी मुंबईत थंडी पडत नाही. फक्त आमच्या घरात पडते.

बोनकोड्यात घरमालकीण काकींच्या इमारतीत सगळ्यात वरची खोली आमची. डोक्यावर पत्रा. सरकती खिडकी अशी, की लावली तरी दोन बोटं उघडीच! डिसेंबरात त्या फटीतून वारा थेट सासूबाईंच्या गुडघ्यावर. गुडघ्याच्या उपचारासाठीच त्या बीडकडून आलेल्या. स्वेटर, त्यावर ह्यांचा रेनकोट, पायांत ह्यांचे ऑफिसचे मोजे, अशा बसायच्या.

"सुमन, गावाकडं शेकोटी तरी हाय. मी उद्याची गाडी धरते."

"आत्या, उपचार अर्धे राहतील हो!"

"गुडघा बरा व्हईल, पर मीच गारठून गेले तर?"

ह्यांनी लगेच पत्र्याखाली फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे ठोकले. पहाटे त्यातला एक सासूबाईंवर पडला. (त्याने त्यांना जरा ऊब आली, असं ह्यांचं म्हणणं.)

शेवटी मी ठरवलं, खिडकीभर जाड गोधडी शिवून टांगायची. ह्यांनी इमारतीत जुन्या साड्या मागितल्या. (मला मागायला लाज वाटते.) दारात गाठोडी येऊ लागली. काकीही बाहेरून ओरडल्या, "गो सुमन, ठेवतंय गो!"

मी स्वयंपाकघरातूनच "हो" म्हटलं. बाहेर जाऊन बोलायला नको म्हणून! काकींचं गाठोडं विटक्या साडीत बांधलेलं, चांगलं जाड. न सोडताच मधोमध ठेवलं, जिथे वारा जास्त लागतो तिथे. सुई जाता जाईना.

"जुनं कापड कसं टणक असतं बघा आत्या!" असं मी वर म्हणालेसुद्धा.

त्या रात्री सासूबाई रेनकोटाशिवाय झोपल्या. घोरल्यासुद्धा!

दोन दिवसांनी काकी वर आल्या. "गो, माजे सारीला फॉल लावलास का? आज पोराची हलद हाय ना!"

मी घरी फॉल लावते, हे तेव्हा आठवलं. सगळी गाठोडी डोळ्यांपुढे आली. मी नुसतं खिडकीकडे बोट दाखवलं.

काकींनी गोधडी चाचपली. "जरीची सारी खिरकीला? भोकां पारलीस गो तिला! कातर आन!"

सासूबाई गोधडीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "टाका उसवला, की मी निघाले बीडला!"

"तुमी जावा, पन सारी द्या!"

"माझा गुडघा मोठा का तुमची साडी?"

"आज सारी!"

हे म्हणाले, "टेन्शन घेऊ नको," आणि पाणी भरायला निघून गेले. आयुष्यात पहिल्यांदा मीच ओरडले, "काकी, साडीचे पैसे मी देते! टाका उसवायचा नाही!"

काकी मान हलवून जिन्याकडे वळल्या. माझा एवढा आवाज मीच कधी ऐकला नव्हता.

काकी दुसरी साडी नेसून हळदीत नाचल्या. सासूबाईंचे उपचार पूर्ण झाले, त्या स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या. मी फॉल लावून लावून पैसे फेडत राहिले. काल शेवटचे दिले, तेव्हा काकी म्हणाल्या, "फिटला गो सगला हिशेब."

म्हणजे साडी आता पूर्ण माझी. मी जुन्या गाऊनवर, आणि आमची खिडकी जरीच्या साडीत!