कारण न सांगता

भाजीवाल्या मावशींनी आज सवयीने कोथिंबिरीबरोबर मुळ्याचा थोडा पाला माझ्या पिशवीत टाकला. "सशाला हो," त्या म्हणाल्या. ससा गेला, हे मला त्यांना सांगवलं नाही. सांगितलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं, कशाने?

तेच तर कळलं नाही. आदल्या संध्याकाळी तो घरभर उड्या मारत होता. सकाळी ह्यांनी पिंजरा उघडला, तर तो कुशीवर पडलेला, अंग गार. डॉक्टर म्हणाले, "सशांचं होतं असं कधीकधी. दुखलं तरी ते दाखवत नाहीत." मी मात्र त्याचा एकेक घास आठवत बसले. फरशी पुसताना फिनेल जास्त पडलं का? वरातीच्या फटाक्यांना घाबरला का? दोष द्यायला कुणी असलं, तर दुःखाला निदान टेकायला जागा मिळते. इथे तीही नाही.

ससा खरं तर मुलीचा. नोकरीसाठी बंगळूरला जाताना तिने तो आमच्या हवाली केला होता. तिला फोनवर सांगितलं. कशाने, हे तिने विचारलं नाही. मग हळूच म्हणाली, "आई, तू जेवलीस का?"

तेव्हा कुठे मला रडू आलं.