बँकेला दोघी हव्या होत्या

लग्नात ताटातल्या तांदळात नाव लिहून मला सुमनची वैशाली केली, तेव्हा कोणी विचारलं होतं का, की बाई, तुझी बँकेत एफडी आहे, तिचं काय?

लग्नाआधी धारला ब्लाउज शिवून जमवलेले पैसे आहेत ते. इकडे देवासला ह्यांच्या कारखान्यात एक पाळी बंद झाली. म्हटलं, आपले पैसे नीट आहेत ना, बघून यावं. आज सकाळीच धार गाठलं.

खिडकीवरचा बाबू म्हणतो, “एफडी सुमन की, आधार वैशाली का. दोनों को साथ में लाइए.”

मी म्हटलं, “दोनों आपके सामने ही खड़ी हैं, भिया!”

सगळी लाइन हसली.

बरोबर माझी वहिनी होती. ती तशीच घरी गेली आणि पेटीतून माझा शाळेचा दाखला घेऊन आली. “वन्सं, चौथीपर्यंत तरी शिकलात, बरं झालं!”

दाखल्यावर नाव सुमन, पण जन्मतारीख आधारवरचीच. मॅनेजरबाईंनी ते बघितलं, दोन्ही नावांचं शपथपत्र मागितलं. मी कोर्टासमोरच्या नोटरीकडे बसून लगेच करून दिलं. आठ दिवसांत नाव बदलेल. पैसे जागेवर आहेत, व्याजही चालू आहे. येताना बसमध्ये छान झोप लागली.

आता तुम्ही. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या निम्म्या जणींची नावं सासरी बदललीत, मला माहीत आहे. पासबुक आणि आधार शेजारी ठेवून वाचा. जुळतं की नाही, ते रविवारपर्यंत प्रत्येकीने इथे लिहायचं. नुसते जोडलेले हात पाठवले तर मी फोन करून विचारीन.