कापलेला दगड

गेल्या मंगळवारी दुपारी रामवाडीतल्या सभागृहात कातकऱ्यांच्या वनहक्क दाव्यांवरचा माहितीपट दाखवला. दावे तपासणारे अधिकारीही आले होते. पडद्यावर एक म्हातारी रडत होती. तीच माझ्या शेजारी चपला मांडीवर घेऊन बसली होती. माहितीपट संपताच ती उठली आणि दिग्दर्शकाला म्हणाली, "बाबू, माज्या सासऱ्याच्या थडग्याचा दगड कुटं गेला?"

"आजी, फिल्मची लांबी वाढत होती. कापला."

"रडनं ठेवलंस नि दगड कापलास? त्या जमिनीवर आमी कवापासून हाव, ते त्यो दगड सांगतो. रडाया काय, कुटंबी येतं."

अधिकाऱ्यांनी थडगं कुठे आहे ते विचारलं. तिने वाट सांगितली. शुक्रवारी ते जागेवर गेले आणि पंचनाम्यात दगडाची नोंद केली. तिच्या दाव्याचा निर्णय अजून झालेला नाही.