दाजींनी पारखलेले आकडे

आमचे झुलालदाजी पाचोऱ्याच्या एका जिनिंगमध्ये सव्वीस वर्षांपासून कापूस पारखतात. गाडी आली की वरचा पांढराशुभ्र कापूस बघून बाकीचे माना डोलावतात. दाजी बाही वर सारून कोपरापर्यंत हात आत घालतात, तळातली मूठ बाहेर काढतात, चिमटीत धागा ताणतात आणि दोन शब्दांत निकाल देतात. बोलणं इतकं कमी, की माझी बहीण म्हणते, यांच्याशी भांडायलासुद्धा बाहेरून माणूस आणावा लागतो. ते काम मी करतो. मी त्यांचा शालक, भडगावला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो, आणि माझं डोकं जरा लवकर तापतं.

त्यांची मयुरी हॉकी खेळायला म्हणून नाशिकला कॉलेजात गेली आणि गोल्फ घेऊन परत आली. गावात कुणाला काही समजेना. मी मात्र माझ्या दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांना तिचे फोटो दाखवले. दाजी तीन वर्षांत एकदाही तिचा खेळ बघायला गेले नाहीत. "त्यामा माले काय समजस?" एवढंच म्हणायचे. पोरीला ते लागायचं. पण ती बोलायची नाही, बापावर गेलेली.

यंदा नाशिकच्या एका ट्रस्टने तिला नव्या आयर्न द्यायचं कबूल केलं. आयर्न म्हणजे लोखंडी तोंडाच्या काठ्या. चेंडू हिरवळीवर, खड्ड्याजवळ नेऊन टाकायचा तो यांनीच. कोणती काठी हवी ते रविवारी पाच वाजेपर्यंत कळवायचं होतं. एकदा सेट बनला की बदल नाही, आणि महिन्याभरात राज्याच्या संघाची निवड. म्हणजे चूक झाली तर ती चूक हातात घेऊनच पोरीने खेळायचं!

काठ्यांचं माप घेणारा पियुष नावाचा मुलगा त्याच रविवारी पुण्याहून जळगावला आला होता, इथल्या गोल्फ खेळणाऱ्या चार-पाच डॉक्टरांसाठी. बॉक्स क्रिकेटच्या टर्फवर जाळी लावून बसला होता. डॉक्टर आटोपल्यावर दुपारी आमचा नंबर. दाजींना सुट्टी होती म्हणून मी त्यांनाही गाडीत कोंबलं.

चेंडूमागे डब्याएवढं यंत्र. मयुरीने फटका मारला की चेंडू दहा पावलांवर जाळीत अडकायचा, पण पडद्यावर लगेच आकडे यायचे: वेग किती, किती अंशांत उठला, किती फिरला, मोकळ्या मैदानात कुठे पडला असता. मला तर वेडच लागलं! पहिली काठी हलकी. एकशे छत्तीस, एकशे एक्केचाळीस, आणि मग एकशे अठ्ठेचाळीस यार्ड! मी असा ओरडलो की शेजारच्या टर्फवरची मॅच थांबली. मयुरीही हसत होती. मग दुसरी, वजनदार काठी. तिची धाव एकशे चौतीसच्या आसपासच.

"सरळ आहे काका," पियुष म्हणाला. "हलकीची सरासरी एकशे एकोणचाळीस. पाच यार्डांचा फरक. हीच कळवू?"

"कळवा, कळवा!" मी म्हणालो.

"थांबा."

आम्ही तिघांनी वळून पाहिलं. दाजी खुर्चीवरून उठून पडद्यापाशी आले होते.

"सरासरी ऱ्हाऊ द्या, भाऊ. बठ्ठा आकडा दखाडा."

पियुषने सगळे फटके पडद्यावर मांडले. दाजींनी एकशे अठ्ठेचाळीसकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचं बोट खाली सरकत गेलं आणि एकशे एकवीसवर थांबलं. मग वजनदार काठीचे आकडे: सगळ्यात आखूड एकशे एकतीस, सगळ्यात लांब एकशे सदतीस.

"पह्यले कोनती काठी व्हती?"

"हलकी."

"मंग दुसरीना टाइमले पोर थकी गई व्हती," दाजी म्हणाले. मग पियुषला समजावं म्हणून सावकाश, शुद्ध बोलले. "आमच्याकडे सकाळी दवात भिजलेला कापूस दुपारी वाळलेल्या कापसाशी तोलत नाहीत. उलटं करा. वजनदार आधी, हलकी नंतर."

मयुरीचा चेहरा उतरला. "आबा, हा कापूस नाहीये! मला हलकी आवडलीय."

"आवडू दे. पन दख तर खरं."

साडेतीन वाजले होते. माझं डोकं तापलं. पोरीच्या आनंदात खडा टाकायची काय गरज? पण पियुषला ते पटलं. तोच म्हणाला, अर्धा तास आराम करा, मग पुन्हा मारू.

ताज्या हातांनी वजनदार काठी एकशे चाळीसला पोचली, आणि जवळजवळ प्रत्येक चेंडू तिथेच. मग थकल्या हातांनी हलकी. एकशे एक्केचाळीस. एकशे सव्वीस. एकशे बारा! पियुष खुर्चीतून उठला. "काका, या हलकीने चेंडू फिरतही कमी होता," तो घाईघाईने म्हणाला, "म्हणजे हिरवळीवर पडला तरी पुढे घरंगळणार. मी लांबी बघत बसलो!" मीही तेच केलं होतं, तेही ओरडून.

पाचला दहा मिनिटं कमी होती. पियुषने विचारलं, "कोणती कळवू?"

दाजी म्हणाले, "मारनार ती शे. तिले इचारा."

मयुरीने पडद्यावरच्या एकशे बारावर बोट ठेवलं. "मागच्या स्पर्धेत शेवटच्या तीन होलवर माझे चेंडू कुठेही जात होते," ती म्हणाली. "मी घरी वाऱ्याचं कारण सांगितलं. वारा नव्हता, आबा. मी थकले होते." मग पियुषकडे वळून म्हणाली, "वजनदार."

निवडीच्या दिवशी दाजी स्वतःहून माझ्या गाडीत येऊन बसले. नाशिकच्या त्या मैदानावर आम्ही दोघं उन्हात साडेचार तास तिच्या मागे चाललो. तिथे फटक्याच्या वेळी कुणी बोलत नाही, म्हणून मी रुमाल तोंडात धरला होता. शेवटच्या होलवर संघातल्या शेवटच्या जागेसाठी ती एका फटक्याने मागे होती. खांदे पडलेले, पाय ओढत चाललेली. लांबूनही दिसत होतं. तिने तीच काठी काढली. चेंडू उंच गेला, हिरवळीवर पडला, एकदा उडाला आणि खड्ड्यापासून हातभर अंतरावर थांबला. तो आत गेला की बरोबरी!

सव्वीस वर्षं दोन शब्दांत निकाल देणारा तो माणूस "मनी पोर! मनी पोर शे ती!" असा गरजला की झाडावरचे बगळे उडाले. एक पंच धावत आला, तोंडावर बोट ठेवून. दाजी ओशाळले, मान खाली घालून माझ्यामागे लपायला लागले.

मयुरीने टोपी काढली आणि हिरवळीवरूनच, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "ओरडा, आबा! अजून ओरडा!"