शिंपला या नावाने

जेवण झालंय. लातूरचा मे महिना, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतून मी सतरंजीवर आडवी झाले आहे. फोन हातात. त्यात माझ्या गोष्टीखाली प्रणिता मयेकर या बाईंनी टाकलेला निरोप उघडा आहे: 'बाबा गेले. शिंपला यांना नक्की कळव, असं सांगून गेले. शिंपला, तुम्ही वाचताय ना?' अकरा दिवस झाले. रोज उघडते, रोज तसाच ठेवते.

शिंपला कोण ते सांगते. सांगताना कान गरम होतात, पण सांगते.

लहानपणी टीव्हीवर 'खाडीवरची चौकी' नावाची मालिका होती. तेरा भागांत गुंडाळली. पुढचं मी लिहिते, एका मराठी संकेतस्थळावर, सहा वर्षं झाली, चौऱ्याऐंशी भाग. चौकीवरच्या जमादाराच्या कंदिलाची वात किती बोटं रुंद, हेसुद्धा लिहिलंय. समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिलाय, तोही सहलीच्या बसमधून उतरून. वाचक एकच, देवगडचे मयेकर, सरकारी लाँचवरून निवृत्त झालेले. बाराव्या भागात मी चतुर्थीला सकाळी नऊ वाजता भरती आणली, तर त्यांनी लिहिलं, 'तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला भरती तीनला. नऊला ओहोटी, तुमचा जमादार चिखलात रुतेल.' मी दिवसभर हवेत होते. चिखलात तर चिखलात, कुणीतरी वाचलं होतं.

पण एकाच वाचकाने कथेचं पान फार ओकंबोकं दिसतं. म्हणून मी 'शिंपला' नावाने दुसरं खातं उघडलं आणि स्वतःचीच वाहवा करायला लागले. झालं असं, की मयेकरांची शिंपल्याशी गट्टी जमली. मला ते चुका सांगायचे, शिंपल्याला मनातलं.

कूलरचा आवाज लांब जातो.

मी ऑफिसात आहे. भूमी अभिलेखची खिडकी, नकला मी देते, ओळीत माणसं उभी आहेत. खिडकीत एक चेहरा येतो. मयेकरांना मी कधी पाहिलं नव्हतं, मुलीने टाकलेला हार घातलेला फोटो तेवढा पाहिलाय. तोच चेहरा, हार नाही.

"बाय, शिंपलो खंय दिसत नाय तो?"

"कोण, काका?"

"शिंपलो गो! तुझी गोष्ट वाचणारो. माका भेटूचा होता तेका. दोन वर्सां बोलावतंय, येणा नाय."

"ते... रजेवर आहेत," मी म्हणते. स्वप्नातसुद्धा खोटं माझ्या तोंडी आधी येतं.

ओळीतली माणसं पायांतल्या चपला काढून हातात घेतात, कारण फरशीवर पाणी आलंय. ऑफिसची भिंत संपते तिथे बोटींचा धक्का आहे. मी खिडकीच्या आत होते, आता त्यांच्या शेजारी धक्क्यावर बसले आहे, मांडीवर फायली. पाणी मला नीट दिसत नाही. मी लिहिलंय तेवढंच दिसतं, बाकी पांढरं आहे.

"बरो माणूस," ते म्हणतात. "माझ्या ऑपरेशनच्या येळेक रोज इचारी. झोप लागली काय, जेवलात काय. माझ्या चेडवाक, प्रणिताक तरी खंय येळ होतो?"

"हो."

"तेका एक सांगलेलंय, तुका सांगू नको म्हणान. आता सांगतंय. तेका म्हटलंय, ह्या लिवणाऱ्या बाईक आपण दोघंच वाचतो. एकान जरी सोडल्यान तरी ती लिवचा बंद करतली. म्हणान आपण दर भागाक लिवचा."

हे मी वाचलं होतं. शिंपल्याच्या खात्यात, चहा पिता पिता. आणि शिंपला म्हणून उत्तरही दिलं होतं, 'अगदी बरोबर, मयेकर.' वर एक हसरा चेहरा. मला धक्क्याच्या फटीत शिरावंसं वाटतं.

"काका, शिंपला कुणी नाहीये. मीच आहे."

ते माझ्याकडे बघत नाहीत. पाण्याकडे बघतात, जिथे मी काही लिहिलेलं नाही.

"मगे तां ऑपरेशनच्या येळेक रोज इचारणारा?"

"मीच."

"झोप लागली काय म्हणान?"

"मीच, काका."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते विचार करतात, एखादं यंत्र का बिघडलं याचा करावा तसा.

"मगे सही कित्याक दुसऱ्याची केलस?"

लाजेने मान वर होत नाही. काळजी खरी होती म्हणावं, तर ती खऱ्या नावाने करायला काय झालं होतं? एक वाचक आहे हे मला पुरलं नाही, म्हणून मी त्याला एक खोटा मित्र दिला.

"माझा चेडू वाट बघता," ते उठत म्हणतात. "मेलेल्या माणसाक कोणी उत्तर दिला नाय तरी चलता. चेडवाक नाय चलणा."

मांडीवरच्या फायलीत एक कोरा अर्ज आहे. खाली अर्जदाराच्या सहीची रेघ. मी लिहायला लागते. पेन उमटत नाही, मी दाबून लिहिते, पाणी घोट्यापर्यंत येतं, ते धक्क्यावरून उतरून निघालेत आणि मी लिहितेच आहे.

कूलर बंद पडलाय. वीज गेली आहे. मान घामाने भिजली आहे आणि फोन पोटाखाली सापडलाय. ओढून काढते.

प्रणिता मयेकरांच्या निरोपाखाली उत्तर गेलेलं आहे. अक्षरं अर्धवट, झोपेत दाबलेली, पण वाचता येतात: 'शिंपला नहीच. मी होते. त्यांना मीच विचारयची. माफ करा. शैलजा बिडवे, लातूर.' माझ्या नावाचं खातं, माझा फोटो.

पुसून टाकायचं बटण शेजारीच आहे. माझं बोट त्याच्यावर जातं, आणि मग खालची बारीक अक्षरं दिसतात. त्यांनी वाचलंय.