वीत्स्केबाईंचा हात

आमच्या फ्रानेकर गावातल्या कालव्यावरचा उचलता पूल अडतीस वर्षं वीत्स्केबाईंच्या ताब्यात होता. होडी आली की पूल वर आणि रस्त्यावरचे सगळे जागच्या जागी. डॉक्टर असो नाहीतर पाद्री, बाईंनी हात वर केला की थांबायचं, खाली आणला की निघायचं. आरडाओरडा नाही, चिडचिड नाही. मग त्या निवृत्त होऊन माझ्या शेजारच्या घरात एकट्या राहायला आल्या आणि थांबवायला कुणी उरलंच नाही.

अशात एका फेब्रुवारीत त्यांचा मुलगा येल्मर दहा महिन्यांचा कुत्रा घेऊन आला. काळापांढरा, लोंबत्या कानांचा, नाव वोब्बे. नुसता धुमाकूळ. येल्मरचा सोफा त्यानं फाडला होता आणि धाकट्या लेकीला दोनदा आडवं पाडलं होतं.

“आई, ह्याला तूच ठेव. आमच्याच्यानं नाही होत.”

“आणि चार महिन्यांनी मागायला येशील.”

“नाही गं. तुझाच समज. शब्द देतो.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्याच वेळी वोब्बे माझ्या अंगावर चढून माझा मफलर चावत होता, त्यामुळे तो दिवस मी विसरणं शक्य नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाहुणी होण्याचं काम माझ्याकडे आलं. रोज दहाला, कॉफीच्या वेळी, मी बेल वाजवायची. वोब्बेनं दारावर झेप घ्यायची. बाईंनी हात वर करून गप्प उभं राहायचं. त्याचं बूड जमिनीला टेकेपर्यंत दार उघडायचं नाही. पहिल्या दिवशी मी भर पावसात एकवीस मिनिटं उभी होते.

“अहो वीत्स्केबाई, भिजले मी!” मी बाहेरून ओरडले.

“भिज की! माझ्या पुलापाशी भरलेली जहाजं तासभर थांबायची. तू काय साखरेची आहेस?”

एप्रिल संपेपर्यंत कुत्रा पार बदलला. बाई जेवत असताना तो आपल्या चटईवर पडून राही. दार सताड उघडं टाकलं तरी उंबऱ्याशी बसून त्यांच्या हाताकडे बघत राही, आणि हात खाली आल्याशिवाय पाऊल टाकत नसे. आणि बाई? भिंतीपलीकडून मला त्यांचं हसू ऐकू यायला लागलं. शेजारी आल्यापासून ते मी ऐकलंच नव्हतं.

मे महिन्यात त्यांचा एकाहत्तरावा वाढदिवस आला. आमच्याकडे वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडतात आणि येणारा प्रत्येक जण गोलातल्या सगळ्यांशी हात मिळवून सगळ्यांचंच अभिनंदन करतो. मधे बुटकं टेबल, त्यावर गुलाबी आयसिंगचा केक, बरोबर कुत्र्याच्या नाकासमोर. वोब्बेला स्वयंपाकघरात कोंडता आलं असतं, पण बाईंना त्याला मिरवायची हौस आली. आणि फूस मीच दिली. “होऊन जाऊ दे परीक्षा,” म्हटलं.

सतरा माणसं आली. वोब्बे बसल्या जागी प्रत्येकाला पंजा देत गेला. धाकट्या नातीच्या हातून केकचा तुकडा त्याच्या पायावर पडला, तर त्यानं आधी बाईंच्या हाताकडे पाहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मार्लूस, येल्मरची बायको, घास चावायची थांबली.

“अगं बाई! आई, हा तोच कुत्रा?”

तो आवाज ऐकून तरी मला उमजायला हवं होतं.

पुढच्या रविवारी येल्मर नवीन पट्टा घेऊन हजर. मी तिथेच कॉफी पीत होते.

“आई, मुली रडतायत गं त्याच्यासाठी. आणि ह्या वयात तुला तरी एवढं फिरणं झेपतं का? किती छान तयार करून दिलंस तू त्याला!”

“तयार करून दिला?”

“म्हणजे, त्याच्या कातडीखालच्या चिपवर मालक म्हणून अजून माझंच नाव आहे ना.”

“तू शब्द दिला होतास, येल्मर.”

“तेव्हा तो वेगळा होता, आई!”

माझं डोकंच फिरलं. “माझ्यासमोर दिला होतास शब्द,” मी म्हणाले. “तुम्ही मधे पडू नका,” तो म्हणाला आणि पट्टा अडकवून त्यानं दार उघडलं.

वोब्बे उंबऱ्याशी जाऊन बसला. मान वळवून बाईंकडे बघायला लागला. बाईंचा हात वर होता. येल्मरनं पट्टा ओढला. गळा आवळला, कुत्रा खोकला, पण चारही पाय तिथेच रोवलेले.

“आई, सांग ना त्याला!”

राहू दे तो हात वर, मी मनात म्हणत होते. संध्याकाळपर्यंत राहू दे. येल्मरनं आणखी जोरात हिसका दिला. वोब्बेच्या गळ्यातून घरघर आली, तरी त्यानं बाईंवरची नजर काढली नाही.

बाईंनी हात खाली आणला.

वोब्बे शेपूट हलवत उठला आणि ऐटीत गाडीत जाऊन बसला.

गाडी कोपऱ्यावरून वळली तशी मी येल्मरला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. बाई अजून दारातच उभ्या होत्या.

“पुरे गं,” त्या म्हणाल्या. “त्यानं मला फसवलं, ते माझं मी बघेन. पण वोब्बे माझा हात बघून गेला. त्याला वाटलं, फिरायला चाललोय.”