साडूंची शिळी नोंद

मघाशी खरं होतं ते आता खरं असेलच असं नाही, हे एकदा पटलं की माणूस संन्यासी तरी होतो, नाहीतर आमच्या साडूंसारखा टेस्टर. साडू राहतात रोह्याजवळ वरसे गावात आणि नोकरीला येतात पेणला, गणपतीच्या मूर्तींचं बुकिंग घेणारी वेबसाइट चालवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. तिथे ते वेबसाइटच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्या लिहितात. चाचणीतलं खोटं गिऱ्हाईक मूर्ती बुक करतं, मग रद्द करतं. डेटाबेसात 'रद्द' अशी नोंद होते, पण चाचणीने आधीच उचलून हातात धरलेली प्रत 'बुक'च म्हणत बसते. अशाच एका शिळ्या नोंदीपायी साडूंनी नोकरीच्या सुरुवातीला एका गरीब प्रोग्रामरला दिवसभर छळलं. चूक स्वतःचीच निघाली तेव्हा त्यांनी व्रत घेतलं, की काहीही तपासायचं तर नोंद आधी नव्याने आणायची.

व्रत ऑफिसापुरतं राहिलं असतं तर आम्ही सुखी असतो. पेण स्टँडवर साडू कंट्रोलरला गाडीची वेळ विचारतात, वडापाव खाऊन येतात आणि पुन्हा विचारतात. "आत्ताच सांगितली ना?" तो खेकसतो. "ती मघाची झाली," साडू शांतपणे म्हणतात. त्यांचं लग्न व्रत ताजं असतानाच झालं. अंतरपाट धरलेला असताना त्यांनी माझ्या मेहुणीला हळूच विचारलं, "विचार बदललाय काय गो?" ती म्हणाली, "अजून नाय. पण असंच विचारत रावलात तर बदलंल."

एवढ्या सोवळ्या माणसाने एक नोंद मात्र वर्षानुवर्षं तशीच धरून ठेवली होती. घरचा गणपती डोलवीला थोरल्या भावाकडे असे. साडूंनी नवं घर बांधलं आणि हौसेने वेगळा गणपती आणला. दादा भडकले, "माझ्या दारात पाय ठेवू नको!" साडूंनी खरंच ठेवला नाही. विषय काढला की म्हणत, "दादाचा राग मला माहीत हाय."

यंदा मेहुणीने जेवता जेवता विचारलं, "अवो, म्हायती कधीची हाय ती?" साडूंचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ते डोलवीला गेले. दार वहिनींनी उघडलं. साडू उंबऱ्याबाहेरच उभे राहून पुटपुटले, "दादाचा राग..."

"राग तर त्याच वर्सी विसर्जनाच्या आधी गेला, भावोजी. दर वर्सी तुमचं पान वाढतो आमी. तुमीच येत नाय."

साडू तिथेच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. आत दादा खाटेवर होते, केस पांढरे झालेले. त्यांना आता ऐकू फार कमी येतं. साडू दर रविवारी डोलवीला जातात. इतक्या वर्षांचं मनातलं बोलायचं राहिलं आहे, आणि ते सगळं ओरडून सांगावं लागतं.